बोटीचा कॅम पाणी ठरवतं

दिवाळी अंकाच्या संपादकांना यंत्रावरचा लेख हवा होता. मी फ्लोरिडाला निघाले आहे म्हटल्यावर ‘तिकडच्या स्पीडबोटींचं बघा’ म्हणाले. बोटी पाहिल्या, पण मन रमलं ते त्यांची इंजिनं उघडणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये. तिथे स्टँडवर शेवरोलेचं ४५४ घनइंची, म्हणजे ७.४ लिटरचं व्ही-८ इंजिन उघडून ठेवलं होतं. अमेरिकेतल्या बोटींमध्ये वर्षानुवर्षं वापरलं गेलेलं हे इंजिन. शेजारी तेल चोपडलेला नवा कॅमशाफ्ट होता, सोळा लोबचा.

क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. लोबचा उंचवटा टॅपेट उचलतो आणि टॅपेट व्हॉल्व्ह उघडतो. व्हॉल्व्ह किती उघडायचा, किती वेळ आणि नेमका कधी, हे सगळं त्या उंचवट्याच्या आकारात घासून ठेवलेलं असतं. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसला एड इस्कंदेरियन यांनी वेगवान मोटारींसाठी असे कॅम घासायला घेतले. १९५३ मध्ये फ्लोरिडात हार्वे क्रेन यांनी. आपल्या सोलापुरातही १९९२ पासून प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी मोटारींचे कॅमशाफ्ट बनवते आहे.

वर्कशॉपचे मालक साठीच्या पुढचे. कॅम बसवल्यावर ते तो खरंच योग्य जागी बसलाय का, हे तपासत होते. क्रँकच्या टोकाला ३६० अंशांची चकती लावली. आता पहिला पिस्टन नेमका कधी वर पोचतो ते शोधायचं. पण वर आलेला पिस्टन काही अंश जागीच थांबल्यासारखा असतो, त्यामुळे नजरेला तो बिंदू सापडत नाही. म्हणून त्यांनी सायलिंडरच्या तोंडावर एक अडसर पक्का केला. क्रँक हाताने एका बाजूने फिरवला, पिस्टन अडसराला टेकला तो अंश लिहिला. मग उलट फिरवून पुन्हा टेकवला. दोन आकड्यांच्या बरोबर मधोमध तो माथा. त्यानंतर टॅपेटवर डायल गेज ठेवून, टॅपेट ०.०५० इंच उचलला जातो तिथपासून मोजणी. कॅमसोबत आलेल्या कार्डापेक्षा आकडा दोन अंश मागे निघाला. काही न बोलता त्यांनी टायमिंग गिअर उतरवला, दुसऱ्या खाचेत बसवला आणि सगळं पहिल्यापासून मोजलं. कुणी पाहत नसतानाही ते हेच करत असणार, याबद्दल मला शंका नाही.

कोणता कॅम घ्यायचा, हा प्रश्न मात्र मोजमापाने सुटत नाही. मोटार सपाटीला लागली की दम खाते. बोट म्हणजे कधीच न संपणारा कसारा घाट चढत राहणारा ट्रक. त्यात पाण्याचा आणखी एक जाच आहे. इंजिन थंड करून आलेलं पाणी शेवटी एक्झॉस्टमध्येच सोडतात, नाहीतर पुढच्या रबरी नळ्या जळतील. रेसच्या कॅममध्ये आत घेणारा आणि बाहेर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह बराच वेळ एकत्र उघडे असतात. इंजिन मंद चालताना एक्झॉस्टमधला दाब हेलकावत मागे येतो आणि पाण्याचे थेंब सायलिंडरपर्यंत ओढतो. मालकांनी असा एक व्हॉल्व्ह माझ्या हातात दिला. बसायची कडा तांबेऱ्याने खडबडीत झालेली होती, नखाला लागत होती. पाणी जास्त साचलं तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉडच वाकतो. म्हणून बोटीच्या कॅममध्ये एकाच सायलिंडरच्या दोन लोबच्या माथ्यांमधलं अंतर बहुधा ११२ ते ११४ अंश किंवा त्याहून जास्त ठेवतात, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र कमी वेळ उघडे राहतात. रेसच्या कॅमची कानाला गोड लागणारी धडधड इथे परवडत नाही.

मंद गतीलाच इंजिन अडखळू लागलं की स्लो वाढवावा लागतो, आणि मग गिअर खाडकन पडतो. मोठा कॅम ताकद वरच्या फेऱ्यांकडे सरकवतो, पण बोटीच्या पंख्याला, म्हणजे प्रॉपेलरला, लागणारी ताकद फेऱ्यांच्या साधारण घनाने वाढते: फेरे १० टक्के वाढवायचे तर ताकद सुमारे ३३ टक्के जास्त हवी. म्हणजे बहुतेक वेळा पंखाही बदलायचा. व्हॉल्व्हच्या नव्या स्प्रिंगा घ्यायच्या. व्हॉल्व्ह पिस्टनला धडकत नाही ना, हे पिस्टनवर मातीचा गोळा ठेवून, क्रँक फिरवून, दबलेला थर कापून मोजायचं. कॅम पोलादी असेल तर डिस्ट्रिब्यूटरच्या गिअरचा धातू त्याला चालतो का, ते बघायचं. दोन इंजिनांच्या जुन्या बोटीत एक इंजिन उलटं फिरत असेल, तर ऑर्डर देण्याआधी तेही सांगायचं. म्हणून जो विक्रेता बोटीचं वजन, पंख्याचा पिच आणि एक्झॉस्टची रचना न विचारता कॅम सुचवतो, त्याच्याकडून घेऊच नये.

सपाट टॅपेटचा कॅम स्वस्त पडतो, पण पहिल्यांदा सुरू केल्यावर त्याला वीसेक मिनिटं दोन हजारांच्या वर फेरे द्यावे लागतात, जस्त असलेलं तेल घालून. बोट ट्रेलरवर असेल तर तेवढा वेळ होजचं पाणी पुरलं पाहिजे, नाहीतर पाण्याच्या पंपाचं रबर जळतं. आणि फेरे कमी पडले तर लोबच झिजून सपाट होतो. रोलर टॅपेटला हा सोपस्कार लागत नाही. पैसे बरेच जास्त जातात, तरी बोटीसाठी मी तोच घ्या म्हणेन.