शनिवारच्या शाळेच्या पलीकडे

परमुलुखात गेलेल्या माणसांची भाषा घराने जपावी, आईबापांनी मुलांशी आपल्या भाषेत बोलावे आणि सरकारने त्यात पडू नये, असे जगभर म्हटले जाते. ऐकायला हे रास्त वाटते. पण युक्रेनियन स्थलांतरितांची सव्वाशेहून अधिक वर्षे नजरेखालून घातली की वेगळेच चित्र दिसते. जिथे सार्वजनिक शाळेच्या वेळापत्रकात या भाषेला जागा मिळाली तिथे ती शिकवणारी माणसे आणि पुस्तके टिकली. जिथे ती घरावर आणि सुट्टीच्या दिवसावर सोडली गेली तिथे दोन पिढ्यांत सण आणि खाद्यपदार्थ तेवढे उरले. रशियाने बळजबरीने असे केले आणि कॅनडाने संशयापोटी. हेतू वेगळे होते, पण शाळेपुरता परिणाम सारखाच झाला.

१८९१ मध्ये ऑस्ट्रियाच्या अमलाखालच्या गॅलिशियातून, नेबिलिव्ह गावचे इव्हान पिलिपिव्ह आणि वासिल एलेन्याक कॅनडात पोचले. पहिले महायुद्ध सुरू होईपर्यंत त्यांच्या मागोमाग सुमारे १ लाख ७० हजार माणसे आली. बहुतेक अल्पभूधारक शेतकरी, पण भाषेच्या बाबतीत अगदी रिकाम्या हाताने आलेले नव्हते. रशियन साम्राज्यात १८७६ च्या एम्स फर्मानाने युक्रेनियन पुस्तके छापण्यावर बंदी आली होती. गॅलिशियात मात्र युक्रेनियन शाळा होत्या आणि ल्विव्हमध्ये १८६८ साली स्थापन झालेल्या ‘प्रोस्विता’ संस्थेची वाचनालये गावोगावी पसरत होती. या लोकांना कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात एक कायदा आयता सापडला. फ्रेंच भाषकांशी तडजोड म्हणून १८९७ मध्ये केलेल्या दुरुस्तीत असे शब्द होते की एखाद्या शाळेत फ्रेंच ‘किंवा इंग्रजीखेरीज अन्य’ मातृभाषेची दहा मुले असतील तर शिक्षण द्विभाषिक असावे. युक्रेनियन पालकांनी तो शब्दशः घेतला. १९०५ मध्ये प्रांतिक सरकारने त्यांच्या शिक्षकांसाठी विनिपेगमध्ये प्रशिक्षण शाळाही काढली. त्या काळी या लोकांना रुथेनियन म्हणत, म्हणून शाळेचे नावही तेच.

हा प्रयोग १९१६ मध्ये मोडला. अल्बर्टा प्रांताने तर १९१३ मध्येच युक्रेनियन शिक्षकांना घरी पाठवले होते. बंद करणाऱ्यांचे म्हणणे सगळेच खोटे नव्हते. एकाच गावात तीन-तीन भाषांचे हक्कदार निघत, प्रशिक्षित शिक्षक अपुरे पडत, काही शाळांत मुलांचे इंग्रजी खरोखरच कच्चे राही. पण शिक्षक कमी आहेत यावरचा इलाज शिक्षक वाढवणे हा असतो आणि त्याची सोय विनिपेगमध्ये झालेलीही होती. युद्धाच्या हवेत तो विचार कोणाला नको होता. ऑस्ट्रियाचे प्रजाजन म्हणून हेच लोक ‘शत्रुदेशाचे परके’ ठरले. १९१४ ते १९२० दरम्यान कॅनडाने जे ८,५७९ लोक छावण्यांत डांबले त्यांत सर्वाधिक युक्रेनियनच होते. ज्या समाजावर संशय आहे त्याची भाषा सरकारी शाळेत कोण ठेवणार?

पुढची सहा दशके भाषा चर्चच्या तळघरात, संध्याकाळी आणि शनिवारी शिकवली गेली. या ‘रिद्ना श्कोला’ म्हणजे आपल्या शाळा चालवणाऱ्यांच्या चिकाटीला तोड नाही. सस्कटूनचे मोहिला इन्स्टिट्यूट त्याच १९१६ सालचे. खेड्यांतून शिकायला आलेल्या मुलांना तिथे राहायला जागा आणि सोबत युक्रेनियन वातावरण मिळे. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनी-ऑस्ट्रियातल्या विस्थापितांच्या छावण्यांतून शिक्षक, प्राध्यापक, संपादक असे सुशिक्षित लोक आले आणि शनिवारच्या शाळांना नवे रक्त मिळाले. तरीही या व्यवस्थेचे दुखणे मुळातच होते. मुलाचे मित्र मैदानावर असताना त्याला वर्गात बसवायचे, त्या अभ्यासाची नियमित शाळेत नोंद नाही, शिक्षिकेला मानधन जेमतेम किंवा तेही नाही. जी भाषा फक्त सुट्टीच्या दिवशी शिकवली जाते ती बिनमहत्त्वाची आहे हे मुलाला कोणी सांगावे लागत नाही.

वळण १९७० च्या दशकात आले आणि ते राजकारणातून आले. सिनेटर पॉल युझिक यांनी १९६४ मध्येच आपल्या पहिल्या भाषणात कॅनडा इंग्रज-फ्रेंच असा दुहेरी नसून बहुसांस्कृतिक आहे, अशी मांडणी केली होती. ८ ऑक्टोबर १९७१ रोजी पंतप्रधान पिएर त्रुदो यांनी संसदेत बहुसंस्कृतिवादाचे धोरण जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी ते विनिपेगला युक्रेनियन कॅनडियन काँग्रेससमोर बोलायला गेले. दबाव कोणाचा होता हे त्यावरून कळते. त्याच वर्षी अल्बर्टाने शाळा कायदा बदलून इंग्रजी-फ्रेंचखेरीज इतर भाषांतूनही शिकवायला मुभा दिली. १९७४ मध्ये एडमंटनच्या सार्वजनिक आणि कॅथलिक अशा दोन्ही प्रकारच्या शाळांत युक्रेनियन-इंग्रजी वर्ग सुरू झाले. दिवसाचा निम्मा वेळ युक्रेनियन, निम्मा इंग्रजी, खर्च करदात्यांचा. १९७९ मध्ये मॅनिटोबा आणि सस्कॅचेवानही त्या वाटेने गेले. १९७६ मध्ये अल्बर्टा विद्यापीठात युक्रेनियन अभ्याससंस्था उभी राहिली आणि तिथे शाळांसाठी ‘नोवा’ ही पाठ्यपुस्तकमाला तयार झाली. मला या सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पुस्तकमाला. घोषणा कोणतेही सरकार करते. पहिलीच्या मुलासाठी क्रमिक पुस्तक लिहून घ्यायला वर्षे लागतात आणि पगारी माणसे लागतात.

इंग्रजी बिघडेल ही जुनी भीती पुन्हा निघालीच. एडमंटनच्या याच वर्गांतल्या मुलांवर जिम कमिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने केलेला अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मुलांची युक्रेनियन चांगली होती ती इंग्रजी वाक्यांतला दुहेरी अर्थ ओळखण्यात इतरांपेक्षा सरस निघाली. त्यानंतर तरी हा आक्षेप माहितीवर उभा नव्हता, सवयीवर होता.

खरा भारी आक्षेप आकड्यांचा आहे. १९७१ च्या जनगणनेत युक्रेनियन मातृभाषा सांगणारे सुमारे ३ लाख १० हजार होते. २०१६ मध्ये ते १ लाखाच्या आसपास उरले, आणि युक्रेनियन वंश सांगणारे मात्र साडेतेरा लाखांवर गेले. मग चाळीस वर्षे सरकारी पैसा घालून काय मिळाले? उत्तर असे, की गळतीचा बहुतेक भाग म्हणजे जुन्या पिढ्यांचा मृत्यू, आणि त्यांच्या मुलांशी असलेला धागा १९१६ नंतरच्या दशकांत तुटला होता. १९७४ च्या वर्गात बसलेली बहुतेक मुले घरी इंग्रजीच बोलत होती. शाळा घराची भाषा परत आणू शकत नाही, हे मान्यच करायला हवे. मराठी वाचकाला याची ओळख मॉरिशसमधून पटेल: तिथे मराठी सरकारी प्राथमिक शाळांत शिकवली जाते, पण मूळच्या मराठी घरांत क्रिओल बोलली जाते. मात्र शाळेमुळे शिक्षक तयार होतात, पुस्तके छापली जातात, परीक्षा होतात. घरात ती भाषा कितीजण बोलतात याच मापाने अशा शाळा मोजल्या तर त्या नेहमीच नापास ठरतील.

दुसरा आक्षेप आशयाचा, आणि तो मला अर्धा मान्य आहे. परदेशातल्या शाळांचा युक्रेन भरतकामाच्या सदऱ्यांचा आणि रंगवलेल्या ईस्टर-अंड्यांचा होता. खार्किव्हचे कारखाने आणि दोनेत्स्कच्या खाणी त्यात क्वचितच दिसत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या राष्ट्रवादी गटांची भांडणेही तिथे मुरली आणि त्या इतिहासाची काळी बाजू टाळली गेली. पण जपलेल्या गोष्टींचे मोलही पुढे दिसले. १९२८ चे शुद्धलेखन सोव्हिएत राजवटीने १९३३ मध्ये बदलून भाषा रशियनच्या जवळ ओढली. परदेशातल्या युक्रेनियनांनी जुने नियम सोडले नाहीत, आणि २०१९ च्या नव्या नियमावलीत कीव्हने त्यांतले काही परत स्वीकारले. सरकारी अभ्यासक्रमात भाषा आली की निदान पुस्तकांवर बाहेरच्यांची नजर तरी पडते. तळघरातल्या पुस्तकाला कोण हरकत घेणार!

उलट बाजूचा पुरावा रशियातच आहे. कुबान प्रदेशात १९२६ च्या गणनेत युक्रेनियन बहुसंख्य होते आणि १९२० च्या दशकात तिथे युक्रेनियन शाळा वाढत होत्या. डिसेंबर १९३२ मध्ये मॉस्कोच्या हुकमाने शाळा आणि वृत्तपत्रे रशियनमध्ये बदलली गेली. पाठोपाठ दुष्काळ आणि हद्दपारी आली. रशियात स्वतःला युक्रेनियन म्हणवणारे १९८९ मध्ये ४३ लाखांहून अधिक होते, २०१० मध्ये १९ लाख, २०२१ मध्ये ९ लाखांहूनही कमी. यात भीतीचा वाटा मोठा आहे. मॉस्कोतल्या युक्रेनियन साहित्याच्या ग्रंथालयाच्या संचालिका नताल्या शारिना यांना २०१५ मध्ये अटक झाली आणि २०१७ मध्ये निलंबित शिक्षा सुनावली गेली. पण त्या भीतीआधी अनेक दशके शाळाच नव्हती हेही तितकेच खरे. शेजारी, नातलग, येणेजाणे असे सारे अनुकूल असूनही जगातला सर्वांत मोठा युक्रेनियन स्थलांतरित समाज असा विरला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर लाखो मुले अचानक देशाबाहेर पडली, तेव्हा एडमंटनमध्ये युक्रेनियन बोलणाऱ्या शिक्षकांचे वर्ग तयार होते आणि तिथली पटसंख्या फुगली. युरोपात अशी तयारी मोजक्याच ठिकाणी होती. पोलंडमध्ये १९४७ च्या सक्तीच्या स्थलांतरानंतरही तग धरलेल्या युक्रेनियन अल्पसंख्याकांच्या बियावी बूर किंवा लेग्नित्सासारख्या ठिकाणच्या शाळा होत्या, पण त्या मूठभर. बाकी मुले सकाळी स्थानिक शाळेत आणि संध्याकाळी पडद्यासमोर युक्रेनच्या ऑनलाइन वर्गात बसू लागली. दोन शाळांचा हा भार फार काळ पेलणारा नव्हता. पोलंडने सप्टेंबर २०२४ पासून निर्वासित मुलांना पोलिश शाळा सक्तीची केली ते योग्यच झाले. युक्रेननेही शहाणपणाने भाषा, साहित्य, इतिहास, भूगोल अशा विषयांपुरताच वेगळा अभ्यासक्रम आखून बाकी विषयांचे परदेशी गुण मान्य करायची वाट काढली.

ही मुले परत जाणारच आहेत, मग कशाला, असे एक म्हणतात. ती इथेच राहणार आहेत, मग कशाला, असे दुसरे. परतणाऱ्याला ती भाषा नोकरीला लागेल आणि राहणाऱ्याला आजीशी बोलायला, म्हणून दोन्ही उत्तरे एकाच सोयीकडे नेतात. कीव्हच्या अभ्यासक्रमातले आठवड्याचे हे थोडे तास वॉर्सा, बर्लिन आणि प्राग यांनी आपल्या शाळांच्या वेळापत्रकात, पगारी शिक्षक नेमून घ्यावेत. ते पुन्हा शनिवारवर ढकलले तर काय होते, याची नोंद १९१६ नंतरच्या मॅनिटोबात आहे.