गुणगुणणारी मोटर

पहाटे गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवण्यासाठी तुम्ही पंपाचे बटण दाबता. मोटर नुसती ‘घूंऽऽ’ असा आवाज करते, फिरत मात्र नाही. मग बटण बंद, पुन्हा चालू, पुन्हा बंद, असा खेळ बहुतेक घरी होतो आणि थोड्याच वेळात जळक्या वार्निशाचा वास येतो. मोटर जळाली! म्हणून आधी बटण बंद करा. मग ही घूं कशाची, ते पाहू.

मोटरच्या स्थिर भागात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. आत फिरणारा दंडगोल लोखंडी पत्र्यांचा असून त्यात अॅल्युमिनियमचे गज बसवलेले असतात. या दंडगोलाला कोणतीही तार जोडलेली नसते. बाहेरच्या वेटोळ्याचे चुंबकीय क्षेत्र बदलले, की गजांत आपोआप प्रवाह निर्माण होतो. घरातली सिंगल फेज वीज सेकंदाला 50 आवर्तने करते. तेव्हा एका वेटोळ्याचे क्षेत्र एकाच रेषेत वर-खाली होत राहते. दंडगोलाला उजवीकडे जितकी ओढ, तितकीच डावीकडे! तो फिरणार कसा? प्रत्येक आवर्तनात ओढ दोनदा वाढते, म्हणून लोखंडी पत्रे सेकंदाला 100 वेळा थरथरतात. तीच ही घूं.

सायकलचे पेडल अगदी माथ्यावर असताना ते सरळ खाली दाबून पाहा. कितीही जोर लावा, चाक फिरत नाही. बाजूने थोडा रेटा लागतो. मोटरमध्ये हा रेटा दुसरे वेटोळे देते. ते पहिल्याशी काटकोनात बसवलेले असते आणि त्यातला प्रवाह साधारण पाव आवर्तन आधी शिखर गाठतो. ही घाई घडवून आणतो कपॅसिटर. वायरमन त्याला कंडेन्सर म्हणतात. आता क्षेत्र वर, उजवीकडे, खाली, डावीकडे असे गोल फिरते आणि दंडगोल त्याच्यामागे धावतो. क्षेत्राचे फेरे मिनिटाला 3000, तर दंडगोलाचे सुमारे 2850. तो कधीच क्षेत्राला गाठत नाही. गाठले तर गजांतला प्रवाहच थांबेल!

छताचा पंखा काठीने ढकलून सुरू करणारे कोणी तुम्ही पाहिले असेल. तिथेही कंडेन्सरच अशक्त झालेला असतो. एकदा गती मिळाली, की दंडगोल त्याच दिशेने फिरत राहतो. पंपावर मात्र हा प्रयोग कधीही करू नका.

कंडेन्सर एकाएकी जातो असे नाही. त्यात प्लॅस्टिकच्या पापुद्र्यांवर धातूचा अतिशय पातळ थर असतो. उष्णतेने कुठे बारीक छिद्र पडले, तर त्याभोवतीचा धातू उडून जातो. त्यामुळे कंडेन्सर वाचतो, पण त्याची धारिता कणाकणाने कमी होते. अर्ध्या अश्वशक्तीच्या पंपाचा 10 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर 6 वर आला, की मोटर अडखळू लागते. नवा आणताना जुन्यावरचा आकडा पाहूनच आणावा. काम मात्र वायरमनचे, कारण वीज बंद केल्यावरही त्यात धोकादायक भार उरलेला असू शकतो.

पण मोटर जळते का? अडून राहिलेली मोटर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे पंचवीस पटींहून अधिक! शिवाय मोटरला गार ठेवणारा पंखाही त्याच दांड्यावर, तोही थांबलेला.

दर वेळी दोष कंडेन्सरचाच असेल असे नाही. व्होल्टेज 230 ऐवजी 180 वर उतरले, तर मोटरची फिरवण्याची ताकद वर्गाच्या हिशेबाने जेमतेम 60 टक्के उरते. पोहण्याच्या तलावांचे पंप बंद हंगामानंतर गंजून अडकतात. घरचाही महिनाभर बंद असेल तर तसेच होऊ शकते. मेन स्विच बंद करून वायरमन दांडा हाताने फिरवून पाहतो. सहज फिरला तर संशय कंडेन्सरवर, अडला तर पंपावर.

आणखी एक खूण तुम्ही स्वतः पाहू शकता. पंप आणि मोटर यांच्या मधल्या फटीतून पाणी ठिबकते का? तिथे दांड्याभोवती एकमेकींवर घासणाऱ्या दोन गुळगुळीत चकत्यांचे सील असते. पंप कोरडा चालला, तर त्या तापून खराब होतात. मग पाणी दांड्यावरून बेअरिंगमध्ये शिरते, बेअरिंग गंजून किंचाळू लागते आणि काही दिवसांनी तेच पाणी वेटोळ्यापर्यंत पोहोचते.