एफटी८ वर १०० वॅट? थांबा, आधी एएलसीचा काटा बघा

हॅम रेडिओचं लायसन्स हातात आलं, रेडिओ लॅपटॉपला जोडला की बहुतेक जण पहिल्यांदा एफटी८ च लावतात. आणि पॉवर? रेडिओवर १०० वॅट लिहिलंय ना, मग टाका फुल! इथेच गडबड होते.

आपण माइकवर बोलतो तेव्हा आवाज वर-खाली होतो, मध्ये श्वास घेतो. म्हणजे रेडिओ पूर्ण १०० वॅट फक्त क्षणभरच देतो. एफटी८ मध्ये तसं नाही. १५ सेकंदांच्या खेपेत जवळजवळ १३ सेकंद एकसारखी, पूर्ण पॉवर जाते. तासभर गेम खेळल्यावर फोन कसा तापतो? तसंच. फक्त इथे तापतात ते शेवटचे पॉवर ट्रान्झिस्टर, आणि ते बदलणं खिशाला चांगलंच महाग पडतं.

म्हणून १०० वॅटचा रेडिओ २५ ते ३० वॅटवर ठेवा. सिग्नल कमी पडेल असं वाटतंय? १०० वरून २५ वर आलात तर फरक पडतो फक्त ६ डेसिबलचा. समोरच्याला तुम्ही उणे ८ ला दिसत होतात, ते उणे १४ ला दिसाल. एफटी८ तर उणे २० च्या आसपासचाही सिग्नल वाचतं. ते बनलंच आहे मुळात कमजोर सिग्नलसाठी. २०१७ मध्ये ते आणणाऱ्या दोघांपैकी एक, जो टेलर, हे भौतिकशास्त्राचे नोबेलविजेते आहेत.

आता खरी सेटिंग. रेडिओ डेटा मोडला घ्या, स्पीच कॉम्प्रेसर बंद करा. शक्यतो डमी लोड लावा, पॉवर २५ वॅट ठेवा आणि डब्ल्यूएसजेटी-एक्स मधलं ‘ट्यून’ बटण दाबा. उजवीकडचा ‘पॉवर’ स्लायडर हळूहळू वर न्या. रेडिओचा एएलसी मीटर जरा हलला की स्लायडर थोडा खाली घ्या. झालं. काही रेडिओंमध्ये एएलसी थोडा दिसणं नॉर्मल असतं, त्यामुळे मॅन्युअल एकदा बघाच. बँड बदलला की हे पुन्हा तपासा.

एएलसी जोरात चढू दिला तर आवाज फाटतो, लग्नातल्या डीजेच्या स्पीकरसारखा. ५०० हर्ट्‌झचा टोन १००० आणि १५०० वरही उमटतो, आणि तुमच्यामुळे तिथल्या दुसऱ्या कोणाचातरी संपर्क तुटतो. १५०० च्या वरचा टोन निवडलात तर असे जुळे सिग्नल बहुतेक फिल्टरमध्येच अडकतात.

आणि हो, लॅपटॉपचे किंवा फोनचे नोटिफिकेशन आवाज आधी बंद करा. नाहीतर व्हॉट्सॲपचं ‘टिंग’ थेट अँटेनावरून जाईल. ऐकणारे हसतात, पण कोणाचं आहे ते लक्षातही ठेवतात!