बजी अचानक का मरतो?

संध्याकाळपर्यंत चिवचिव करणारा बजी सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला दिसतो आणि घरातला प्रत्येक जण डॉक्टर होतो. कोणी म्हणतं नजर लागली, कोणी म्हणतं मांजराला घाबरला. गेवराईला माझ्या मावशीकडे तर सगळा दोष तिच्या आठ वर्षांच्या मुलीवर आला, कारण दाणापाणी तीच बघायची आणि वाटीत पाणी कमी होतं. पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही. म्हणून म्हटलं, या विषयाकडे जरा इंजिनिअरसारखं बघू.

आधी ओळख. आपल्याकडे 'लव्हबर्ड' म्हणून विकला जाणारा पक्षी बहुतेक वेळा बजरीगर, म्हणजेच बजी असतो. तो मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला. जॉन गूल्ड याने तो १८४० मध्ये इंग्लंडला नेला आणि तिथून जगभर पसरला. वजन जेमतेम ३० ते ४० ग्रॅम. एका रात्री वाटीत पाणी कमी होतं म्हणून असा निरोगी पक्षी सकाळपर्यंत मरत नाही. मावशीच्या मुलीला मी हे फोनवर तीनदा सांगितलं.

मग मरतो कशाने? पहिली गोष्ट म्हणजे 'अचानक' हा शब्दच बऱ्याचदा चुकीचा असतो. थव्यात आजारी दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, म्हणून पक्षी आजार लपवतात. पिसं फुगवून बसणं, श्वासाबरोबर शेपटी हलणं, विष्ठेचा रंग बदलणं, तळाशी बसून राहणं ही लक्षणं दिसेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. मादी असेल तर अंडं अडकूनही जीव जातो. रात्री दचकून पिंजऱ्यावर आपटणं, जाळीवरचा जस्ताचा मुलामा कुरतडून होणारी विषबाधा, हीसुद्धा कारणं आहेत.

दुसरं कारण हवा. पक्ष्याच्या शरीरात फुफ्फुसांबरोबर हवेच्या पिशव्या असतात आणि फुफ्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते. त्यामुळे ऑक्सिजन उत्तम मिळतो, पण विषारी वायूही तितक्याच पटकन रक्तात जातो. ब्रिटनच्या कोळशाच्या खाणीत कॅनरी पक्षी याचसाठी नेत, अगदी १९८६ पर्यंत! नॉनस्टिक तवा रिकामाच गॅसवर तापत राहिला तर टेफ्लॉनचं विघटन होतं. त्या धुराने माणसाला फारसं काही होणार नाही, पण शेजारच्या खोलीतला बजीसुद्धा मरू शकतो. मच्छर अगरबत्ती, ताजा रंग, फवारे यांच्याबद्दलही हीच काळजी.

तिसरं कारण ऊन. पक्ष्यांना घाम येत नाही, ते चोच उघडून धापा टाकत अंग थंड करतात. आपल्या बीडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, आणि पत्र्याच्या घरात तर विचारूच नका. २००९ च्या जानेवारीत पश्चिम ऑस्ट्रेलियात उष्णतेच्या लाटेत रानातले बजीसुद्धा मोठ्या संख्येने मेले होते.

आणि बर्ड फ्लू? जानेवारी २०२१ मध्ये पाटोदा तालुक्यातल्या मुगगावात कावळे मरून पडले होते, आणि त्याच दिवसांत परभणीच्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या. तेव्हाची भीती अजून मनात आहे. पण घरात एकटा राहणारा, बाहेरच्या पक्ष्यांशी संबंध न आलेला बजी मेला तर ही शक्यता फार कमी. मात्र परिसरात एकदम बरेच पक्षी मेले तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

खरं कारण बाहेरून बघून कळत नाही, त्यासाठी शवविच्छेदन लागतं. मेलेला पक्षी हातमोजे घालून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, थंड ठेवा पण गोठवू नका, आणि शक्यतो त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. आपल्याकडे मात्र पक्षी आधी पुरतात आणि चर्चा नंतर करतात.

शेवटी एक महत्त्वाचं. बंद घरात गॅस गीझर किंवा शेगडी चालू असताना बजी मेला, तर तो कार्बन मोनॉक्साइडचा इशारा असू शकतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो माणसालाही सोडत नाही. अशा वेळी गॅस बंद करा, खिडक्या-दारं उघडा, सगळ्यांना बाहेर काढा. चूक कोणाची, हे नंतर बघता येईल.