भार उतरलेली हाडे

पाठीच्या कण्यावर जबर आघात होऊन मज्जारज्जू दुखावला म्हणजे त्याखालचे पाय लुळे पडतात, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्या लुळ्या पायांच्या हाडांत अवघ्या काही आठवड्यांतच जी झीज सुरू होते, तिची वार्ता रोग्यास नसते आणि पुष्कळदा त्याच्या शुश्रूषकांसही नसते. पूर्वी या झिजेकडे लक्ष जाण्याचा प्रसंगच विरळा, कारण शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांनी रोगी लवकरच दगावत असे. इंग्लंडातील स्टोक मँडव्हिल येथे लुडविग गुटमन यांनी १९४४ साली खास विभाग उघडून या रोग्यांना दीर्घायुष्य मिळवून देण्याचा पायंडा पाडला, तेव्हा कोठे हाडांचा प्रश्न ऐरणीवर येण्यास अवकाश मिळाला.

हाडाची अंतर्रचना त्यावर पडणाऱ्या भाराच्या अनुरोधाने घडते व बदलते, असे बर्लिनचे शल्यविशारद यूलिउस वोल्फ यांनी १८९२ साली प्रतिपादिले होते. हाडाच्या गाभ्यात गाडल्या गेलेल्या अस्थिपेशी हा भार अहोरात्र मोजीत असतात, आणि तो नाहीसा झाला की स्क्लेरोस्टिन नावाचे प्रथिन अधिक प्रमाणात सोडून नव्या हाडाची उभारणी रोखतात, तर हाड विरघळविणाऱ्या पेशींचे काम वाढत्या वेगाने चालू राहते. ज्या ठाण्यावर कामगिरीच उरली नाही तेथील शिबंदी बरखास्त करून खजिना माघारी न्यावा, तसाच हा प्रकार. माघारी आलेले कॅल्शियम रक्तावाटे लघवीत उतरते, काहींना मुतखडे होतात, आणि तरुण मुलांत तर रक्तातीलच कॅल्शियम वाढून मळमळ व ग्लानी येते. अशा वेळी घरची मंडळी मायेपोटी दुधाचा मारा करतात, पण येथे तूट पुरवठ्याची नसून भाराची असते, हे त्यांना कोणीतरी समजावून सांगावयास हवे.

ही झीज सर्वत्र सारखी नसते. मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीचे वरचे टोक, म्हणजे गुडघ्यालगतचा जाळीदार भाग, सर्वाधिक पोखरला जातो. काही वर्षांत तेथील मांडीच्या हाडाचा सुमारे ५० टक्के आणि नडगीचा ६० टक्क्यांपर्यंत ऐवज नाहीसा झाल्याचे मोजमापांत आढळले आहे. हाडाचा मधला दांडा आतून पातळ होतो, बाहेरून त्याची जाडी तीच राहते. मौज अशी की, जेथे इजा झाली तो कणा बहुधा शाबूत राहतो, कारण चाकांच्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या धडाचा भार तो वाहतच असतो. आणि म्हणून कमरेच्या मणक्यांची तपासणी करून ‘हाडे ठीक आहेत’ असा शेरा मारणे ही दिशाभूल ठरते.

मोड होतो तोही क्षुल्लक निमित्ताने. पलंगावरून खुर्चीत सरकताना पाऊल पायटेकणीत अडकते, गुडघा किंचित पिळला जातो, आणि वेदना नसल्यामुळे दिवस नेहमीसारखा सरतो; संध्याकाळी पायमोजा काढणाऱ्या हाताला एक गुडघा दुसऱ्याहून सुजलेला आणि ऊन लागतो. कोणाचे पाय एकाएकी अधिक आखडू लागतात. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर असेल तर रक्तदाब उसळून डोके ठणकते व घाम फुटतो. शिरेत गुठळी झाली असावी असा तर्क होतो आणि क्ष-किरणचित्र काढणे लांबणीवर पडते.

इलाज तूर्त अपुरेच आहेत. इजेनंतर लवकर शिरेतून दिलेले झोलेड्रोनिक आम्ल खुब्याची झीज बऱ्यापैकी रोखते, गुडघ्यापाशी मात्र त्याचा अंमल कमी चालतो. विद्युत्स्पंदांनी स्नायू आकुंचित करून सायकल चालविण्याच्या व्यायामाने मांडीच्या हाडाचे काही नुकसान भरून येते, पण व्यायाम थांबला की मिळविलेलेही जाते. हल्ली पायांना यांत्रिक सांगाडा बांधून रोग्यास चालविण्याचे प्रयोग होतात. वर्षानुवर्षे भार न वाहिलेल्या पायांवर तो एकदम टाकल्याने हाड मोडल्याची उदाहरणे आहेत, तेव्हा उभे करण्यापूर्वी गुडघ्यालगतच्या हाडाची घनता मोजून घेणे अगत्याचे आहे.