गाण्यामागे शिट्टी कोण वाजवतो?

माझ्या मेव्हण्यांनी जुनी मोटार घेतली आणि हौसेने तीत पुढे स्टिरिओ व मागे डिकीत वेगळा अ‍ॅम्प्लिफायर बसवून घेतला. इंजिन बंद असताना गाणे अगदी स्वच्छ. इंजिन सुरू केले की गाण्यामागे बारीक शिट्टी! वेग वाढवावा तशी ती वरच्या पट्टीत चढे. दुकानदार म्हणाला, "स्टिरिओच बदला." पैसे मोजण्याआधी जरा पदार्थविज्ञान वापरून पाहू, असे मी त्यांना सुचविले.

मोटारीत विजेचा गोंगाट करणारी मुख्य ठिकाणे दोन. एक प्लग. पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडायला दहा-वीस हजार व्होल्ट लागतात, आणि ठिणगी पडली की विद्युत्‌चुंबकीय लहरी निघतात. हर्ट्‌झने 1887 च्या सुमारास अशाच ठिणग्यांनी या लहरी निर्माण केल्या होत्या. मीडियम वेव्हवर त्या तडतड म्हणून ऐकू येतात. (रेडिओजवळ, अर्थात गॅसपासून दूर, ठिणगीचा लायटर दाबून पाहा.) त्या दबाव्यात म्हणून प्लगच्या तारांत मुद्दाम काही हजार ओहमचा रोध ठेवतात. डिझेल इंजिनाला प्लगची ठिणगी लागत नाही, म्हणून तेथे ही तडतडही नाही.

आमची तक्रार शिट्टीची होती. शिवाय आवाजाचे बटण शून्यावर नेले तरी ती तशीच! म्हणजे ती एरियलमधून येत नव्हती. बटणाच्या पुढे कोठेतरी शिरत होती.

आता दुसरा संशयित, अल्टरनेटर. हा प्रत्यावर्ती वीज निर्माण करतो आणि डायोड तिला एकदिश करतात. पण पूर्ण सपाट नव्हे, वर बारीक तरंग उरतात. ध्रुवांच्या सहा जोड्या असलेल्या त्रिकला अल्टरनेटरच्या एका फेऱ्यात 36 तरंग येतात. इंजिनाचे मिनिटाला 900 फेरे, म्हणजे सेकंदाला 15. अल्टरनेटर त्याच्या दुप्पट फिरतो असे धरा. 30 गुणिले 36, म्हणजे 1080 हर्ट्‌झ. झाली की नाही शिट्टी?

पण ती गाण्यात शिरते कशी? मोटारीत परतीची तार नसते. गाडीचा पत्राच ते काम करतो. स्टिरिओ पत्र्याला एका जागी जोडलेला, अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या. सांध्याचा रोध 0.01 ओहम आणि तरंगाचा प्रवाह 1 अँपिअर धरला, तरी 10 मिलिव्होल्टचा फरक पडतो. दोघांना जोडणाऱ्या सिग्नलच्या तारेच्या आवरणामुळे हा फरक गाण्यात मिसळतो. हळुवार आलापाचा सिग्नलही काही मिलिव्होल्टच असतो!

डिकी उघडून पाहिले, तर अर्थिंगचा स्क्रू रंगावरच आवळलेला. पॉलिश पेपरने रंग खरवडून उघड्या पत्र्यावर तो घट्ट बसविला. शिट्टी एकदम खाली आली, पण पूर्ण गेली नाही. सिग्नलची तार बॅटरीच्या जाड तारेला चिकटून नेलेली होती. ती गाडीच्या दुसऱ्या कडेने नेली, तेव्हा तीही थांबली. फिल्टर म्हणून विकले जाणारे वेटोळे मेव्हण्यांनी आधीच आणून ठेवले होते. ते आता आमच्या प्रयोगशाळेत आहे.