थरांच्या लाकडाची गिटार : पारख कशी करावी

परीक्षा आटोपल्या की वाद्यांच्या दुकानांत गिटारीची विचारपूस वाढते. घरातील मुलगा किंवा मुलगी हट्ट धरते, वडील खिसा चाचपतात, आणि पाच-सात हजारांच्या मर्यादेत एखादे चकचकीत वाद्य घरी येते. पुढची कथाही पुष्कळांच्या परिचयाची आहे. पहिले आठ दिवस घर दणाणून जाते, तिसऱ्या आठवड्यात बोटे सुजतात, आणि दिवाळीपर्यंत गिटार कपाटावर चढते. ‘आमच्या पोराच्या हातात कला नाही’ असा निकाल देऊन घरची मंडळी मोकळी होतात. या निकालाविषयी मला नेहमीच शंका वाटते. तारा पडद्यांपासून वाजवीपेक्षा दीड-दोन मिलिमीटर उंच असल्या, तर मुरलेला वादकही अर्ध्या तासात हात झटकील. मग नवशिक्या पोराची काय कथा! अशा वेळी दोष बोटांत नसून वाद्याच्या बांधणीत असतो, आणि तो बहुधा दुकानात उभ्या उभ्या ओळखता येतो.

बोलण्याच्या सोयीसाठी सतार-तंबोऱ्याची परिभाषाच वापरतो, कारण ती आपल्या कानांवरून गेलेली आहे. ज्या पातळ फळीवर घोडी बसविलेली असते ती तबली. लांब भाग ती दांडी. तिच्यावरील धातूच्या पट्ट्या ते पडदे. आणि खुंट्यांच्या बाजूला ज्या खाचांतून तारा जातात तो मेरू. उंची गिटारीची तबली सलग लाकडाची, बहुधा स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाच्या फळीची असते. स्वस्त गिटारीची तबली सामान्यतः तीन पातळ थर चिकटवून केलेली असते. मधल्या थराच्या रेषा आडव्या, वरच्या-खालच्या उभ्या. यालाच लॅमिनेट म्हणतात. सुतार त्याला सरळ प्लायवूड म्हणेल. चिठ्ठीवर नुसते ‘स्प्रूस टॉप’ असे असेल, तर वरचा थर तेवढा स्प्रूसचा, असे समजून चालावे. फळी सलग असली तर ‘सॉलिड’ हा शब्द लिहावयास विक्रेता सहसा विसरत नाही! संशय आल्यास मधल्या गोल छिद्राची कड निरखावी. वरच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरत असतील तर फळी सलग आहे; कडेला थरांच्या वड्या दिसल्या तर ती लॅमिनेट. कड रंगाने झाकून टाकलेली असेल, तर तेही एक उत्तरच समजावे.

लॅमिनेट म्हणजे फसवणूक, असा मात्र ग्रह करून घेऊ नये. आडव्या थरामुळे तबली रुंदीच्या दिशेने ताठ होते, तिचे वजनही वाढते, आणि डिंकाचे थर कंपनाचा थोडा भाग गिळतात. त्यामुळे खर्ज काहीसा पोकळ वाटतो आणि नाद लवकर विरतो. हा तोटा खरा आहे. पण तो तबलीपुरता. पाठ व कुशी कोणत्या लाकडाच्या आहेत याला फारसे महत्त्व नाही, हे दाखविण्यासाठी स्पेनमधील आन्तोनियो दे तोर्रेस या थोर कारागिराने १८६२ मध्ये एक गिटार केली. तिची तबली उत्तम स्प्रूसची आणि बाकीचे सारे अंग चक्क पुठ्ठ्याचे! ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत-संग्रहालयात आहे. जँगो राइनहार्टच्या हाती जी सेल्मर गिटार जगप्रसिद्ध झाली, तिची पाठही थर चिकटवूनच केलेली होती. अलीकडे, २०१८ मध्ये, इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी ५२ वादकांना सहा गिटारी वाजवावयास दिल्या. सहाही गिटारींची घडण एकच. फरक फक्त पाठीच्या व कुशीच्या लाकडात. खोली अंधुक, आणि वादकांच्या डोळ्यांवर वेल्डिंग करणाऱ्यांचे काळे चष्मे! महाग शिसवी आणि स्वस्त लाकूड यांना त्यांनी दिलेल्या गुणांत म्हणण्यासारखे अंतर पडले नाही. तेव्हा पाठीवरच्या सुंदर रेषा पाहून हजार-दोन हजार रुपये अधिक मोजू नयेत.

तबली लॅमिनेट असण्याचा एक फायदाही आहे, आणि तो आपल्याकडच्या हवेत विशेष जाणवतो. पणजी-मडगावच्या पावसाळ्यात सलग फळी ओलावा पिऊन फुगते, तारा आपोआप उंचावतात. ग्वाल्हेर-इंदूरच्या उन्हाळ्यात तीच फळी सुकून आकसते आणि प्रसंगी रेषेच्या बाजूने तडकते. थरांचे लाकूड उभे-आडवे जखडलेले असल्यामुळे एवढी उलथापालथ करीत नाही. गोव्यात मांडोच्या साथीला व्हायोलिन व घुमटाबरोबर गिटार पिढ्यान् पिढ्या वाजत आली आहे. पाऊस-उन्हात कोणते वाद्य टिकते आणि कोणते कुरकुरते, हे तिथल्या जुन्या वादकांना पुस्तक न वाचता कळते. दांडी मात्र लॅमिनेट गिटारीचीही निव्वळ लाकडाचीच असते. कोरड्या हवेत ती आकसली की पडद्यांची टोके बाहेर येऊन तळव्याला कातरतात. म्हणून दांडीच्या दोन्ही कडांवरून हात फिरवून पाहावा.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. पोलादी तारांच्या गिटारीवर सहा तारांचा मिळून सुमारे ७० किलोचा ताण असतो. हा भार अडीच-तीन मिलिमीटर जाडीच्या तबलीने आणि दांडीच्या सांध्याने रात्रंदिवस पेलावयाचा असतो. सांधा कच्चा असला की दांडी हळूहळू पुढे झुकते आणि तारा वर जातात. हे तपासण्यासाठी एक सरळ पट्टी पडद्यांवर ठेवून घोडीच्या दिशेने सरकवावी. पट्टीचे टोक घोडीच्या लाकडी माथ्याला टेकले किंवा किंचित वरून गेले, तर चिंता नाही. टोक घोडीच्या कुशीत अडकले, तर ती गिटार मुकाट्याने परत ठेवावी, मग तिचा आवाज कितीही गोड असो. दांडी उतरवून नव्या कोनात बसविण्याची मजुरी बहुधा अशा गिटारीच्या किमतीहून अधिक होते.

यानंतर तारांची उंची. बाराव्या पडद्याशी जाड तारेखाली अडीच आणि बारीक तारेखाली दोन मिलिमीटरच्या आसपास अंतर असावे. अंतर साडेतीन भरले आणि दुकानदार म्हणाला की ‘घोडीवरची पट्टी घासून देतो’, तर आधी ती पट्टी घोडीच्या वर किती उरली आहे ते पाहावे. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो. म्हणून तेथे एक मिलिमीटर उतरवावयाचे तर घोडीशी दोन घासावे लागतात. पट्टी मुळातच दोन मिलिमीटर वर असेल, तर घासण्यासारखे काही उरलेलेच नाही. हा साधा हिशेब पुष्कळ ग्राहकांच्या लक्षात येत नाही. घोडीच्या मागच्या कडेखाली पातळ कागद सारून पाहावा. तो आत शिरला तर घोडी उखडू लागली आहे. घोडीमागे तबली किंचित फुगीर दिसणे हे ताणाचे नैसर्गिक लक्षण आहे, फुगा दिसणे नव्हे.

मेरूची परीक्षा निराळी. तार दुसऱ्या व तिसऱ्या पडद्यांच्या मध्ये दाबावी आणि पहिल्या पडद्यावर ती किती उंच राहते ते पाहावे. केसभर फट असावी. फट मोठी असेल तर एफ कॉर्ड धरताना नवशिक्याच्या डोळ्यांत पाणी येते, आणि पहिल्या दोन-तीन पडद्यांवरचे सूरही चढे लागतात. फटच नसेल तर मोकळी तार कुरकुरते. हा दोष सुदैवाने कुशल कारागीर थोडक्या मजुरीत काढतो. दांडीच्या पोटात तिची कमान सारखी करणारी लोखंडी सळई आहे का, हेही विचारून घ्यावे; अगदी स्वस्त गिटारींत ती नसते.

मग कान लावावेत. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, हवे तसे सरकविता येतात. गिटारीचे पडदे कायमचे ठोकलेले. ६५० मिलिमीटर लांबीच्या तारेवर पहिला पडदा मेरूपासून सुमारे ३६.५ मिलिमीटरवर आणि बारावा ३२५ वर यावयास हवा. मोजपट्टीची गरज नाही. बाराव्या पडद्याच्या नेमके वर बोट हलकेच टेकवून तार छेडावी, मग त्याच ठिकाणी दाबून छेडावी. दोन्ही सूर एकच आले पाहिजेत. कानावर भरवसा नसेल तर मोबाइलवरील सूरमापक लावावा. पाचवी तार मोकळी ११० हर्ट्झ, तर येथे २२० दाखवील. त्यानंतर प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर एकेकदा वाजवावी. काम कंटाळवाणे आहे, दुकानदाराच्या कपाळाला आठ्या पडतील, पडू द्याव्यात. तंबोऱ्यात मिरजेचे कारागीर जवारी काढून तारेचा जो झंकार मुद्दाम घडवितात, तोच गिटारीत ऐकू आला की एखादा पडदा वर उठलेला आहे असे समजावे. खुंट्या फिरविताना अडखळत नाहीत ना, आणि तारा लावून दहा मिनिटांनी सूर तोच राहतो ना, एवढे त्यांच्यापुरते पुरे.

मूल लहान असेल, तर नायलॉनच्या तारांची गिटार घ्यावी. तिचा ताण पुष्कळ कमी असतो आणि बोटेही दुखत नाहीत. मात्र तिच्यावर पुढे पोलादी तारा चढविण्याचा मोह धरू नये. ती त्या भारासाठी बांधलेलीच नसते.

स्वस्त वाद्यांत एकाच कंपनीच्या, एकाच नमुन्याच्या दोन गिटारींत कधी कधी दोन कंपन्यांइतके अंतर असते, कारण अखेरच्या जुळणीवर फार वेळ खर्च केलेला नसतो. म्हणून दुकानदाराला त्याच नमुन्याच्या तीन गिटारी खाली काढावयास सांगाव्यात आणि तिघींवर हीच तपासणी करावी. घरपोच मागविली असेल, तर परतीची मुदत संपण्याच्या आत. बंद खोके दाखवून ‘सगळ्या सारख्याच असतात’ असे सांगणाऱ्या दुकानातून रिकाम्या हाताने बाहेर पडावे.